उषाबाईंचा न लिहिलेला तिसरा भाग

रविवार, ४ मे. सकाळी सेरंगूनच्या फ्लॅटमधल्या खिडक्या पुसल्या, कपडे वाळत घातले आणि आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी लिहायला बसलो. डॉ. उषाबाई दामले यांना या महिन्यात पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत.

बाईंची ओळख माझी पत्नी रेखा हिच्यामुळे झाली. ती इथल्या विद्यापीठात त्यांची विद्यार्थिनी होती. पनामाच्या किनाऱ्यावरील गुना लोक हा बाईंचा विषय. शंभर वर्षांपूर्वी उठाव करून या लोकांनी आपली बेटे आणि जंगल राखले. त्यांचे वडीलधारे सभाघरात झोळीसारख्या टांगत्या झुल्यात पडून आपला इतिहास गाऊन सांगतात. परवानगी असेल तेवढेच बाई वहीत उतरवत, आणि त्यातून त्यांच्या पुस्तकाचे दोन भाग झाले होते.

एका वर्षी रेखाला बरे नव्हते, म्हणून बाईंच्या सोबतीला मी गेलो. मी जहाजावरचा इंजिनिअर. सामान उचलणे एवढेच माझे काम. सभाघरात रेकॉर्डिंग करायचे नाही, असे बाईंनी दोनदा बजावले होते. तरी रेखाला ऐकवावे म्हणून मी खिशातला फोन चालू ठेवला. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर ते ऐकत असताना एका कोळ्याने पाहिले.

गावप्रमुखांनी सभेत विचारले, "आमची जमीन न्यायला आले ते बंदुका घेऊन आले. तुम्ही आमची गाणी खिशातच घालून निघालात?"

मी मान खाली घातली. बाई शांतपणे म्हणाल्या, "मीच सांगितलं होतं त्याला रेकॉर्ड करायला."

रेकॉर्डिंग पुसले गेले. बाईंना पुन्हा येण्याची मनाई झाली आणि पुस्तकाचा तिसरा भाग राहिला. परतताना त्या एवढेच म्हणाल्या, "रेखासमोर तुझी मान खाली जायला नको."

पुढे आपल्या मंडळात कोणी म्हणे, "बाईंना कंटाळा आला हो, टाकलं पुस्तक अर्धवट." मी गप्प राहिलो. एकदा सर्वांबरोबर हसलोही. रेखालाही कधी सांगितले नाही. म्हणून आज लिहितो: ते पुस्तक माझ्यामुळे राहिले.

गेल्या वर्षी रेखा गेली. बाई महिनाभर बुकित तिमाहच्या आपल्या घरून मेट्रोने माझ्यासाठी डबा आणत. "आधी जेव. मग काय रडायचं ते रड." तो विषय त्यांनी तेव्हाही काढला नाही.

दुपारी त्यांना फोनवर लेख वाचून दाखवला.

"छापू का?"

"छाप. रेखाला मात्र सांगायला हवं होतंस रे."

बाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य मिळो, आणि आपल्या मंडळींनी त्यांच्याविषयी यापुढे खरे तेच बोलावे.

फोन ठेवला. एकट्यापुरते तांदूळ धुतले आणि कुकर लावला.