आमच्या मंडळीच्या हजेरीमावशी

रविवारच्या उपासनेला कोण कोण आलं होतं, असं विचारलं तर हजेरीमावशींना नीट सांगता यायचं नाही. कोण आलं नव्हतं, ते मात्र पक्कं ठाऊक असायचं. निलंग्यातली आमची ख्रिस्ती मंडळी लहान, जेमतेम तीस घरांची. चर्चच्या दाराशी उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला 'सलाम' करायचा, हे काम त्यांनी आपणहून घेतलेलं. खरं नाव सुगंधाबाई. सरकारी दवाखान्यात आयाची नोकरी करून निवृत्त झालेल्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही.

उपासना सुटली की त्या छत्री उघडून थेट गैरहजर माणसाच्या घरी जायच्या. 'का आला नाहीत?' असं त्यांनी कधी विचारलं नाही. म्हणायच्या, "तुमची जागा मोकळी दिसली. म्हणलं, बघून यावं." सुतारकाम करणारे सायमनकाका असेच एकदा तापाने फणफणलेले त्यांना सापडले. मावशींनी त्यांना पेज करून घातली आणि तशाच पाळकसाहेबांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "उपदेश लई चांगला झाला, साहेब. सायमनलाच तेवढा ऐकू आला न्हाई. तुम्ही जाऊन सांगून या." पाळकसाहेबांनी हातातला चहा ठेवला आणि चपला घातल्या. पुढे आठवडाभर कुणी ना कुणी काकांकडे डबा पोचवत होतं.

एका नाताळला कुणी मोठे साहेब येणार म्हणून पुढे गादीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. ऊसतोडीला आलेली एक बाई कडेवर लेकरू घेऊन दारात घुटमळत होती. मावशींनी तिला हात धरून नेलं आणि पहिल्याच खुर्चीत बसवलं. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एकजण घाईघाईने आले, तशा मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "साहेबांना कचेरीत रोज खुर्ची हाय. हिला आज बसू द्या." साहेब आले, शेजारच्या खुर्चीत बसले आणि उपासनाभर त्या लेकराकडे बघून हसत राहिले.

अशा बाईच्या तोंडून आमच्या घराला लागेल असं काही निघेल, असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं.

माझी थोरली बहीण नांदेडला नोकरीला होती. तिथे तिचं मिलिंदशी जमलं. तो रेल्वेच्या कचेरीत कारकून, घर बौद्ध. आमचे वडील हयात नव्हते. आईने चार रात्री विचार केला आणि पाचव्या दिवशी नांदेडच्या बसमध्ये बसली. रजिस्टर लग्नात साक्षीदार म्हणून तिने सही केली. इकडे महिला सभेत प्रार्थनेचे विषय मांडताना मावशी आईचं नाव घेऊन म्हणाल्या, "रूथबाईच्या घरासाठी प्रार्थना करा. पोरीला धाक राहिला न्हाई. लग्नाआधीच संसार मांडला म्हणून ऐकून राहिले. आन आईच जाऊन सही करती." काही बायका हसल्या. आईच्या कानावर ते दुसऱ्याच दिवशी आलं. त्यानंतर आम्ही चर्चला जायचं बंद केलं.

तीन रविवार गेले, तरी या वेळी मावशी मोकळी जागा बघून आल्या नाहीत. चौथ्या आठवड्यात, एका दुपारी मावशी आमच्या दारात आल्या. आईने पाणी दिलं, पण बसा म्हटलं नाही. मावशी उभ्यानेच म्हणाल्या, "मी चुकले, रूथबाई. ऐकीव गोष्ट बोलले. खरं काय ते विचारलं न्हाई."

आई म्हणाली, "हे ऐकायला इथं भिंती हायत, मावशी. तिथं बाया होत्या."

मावशींनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "खरं हाय. येत्या रविवारी या. न्हाई आलात तरी मी बोलणारच हाय."

आई गेली. मला घेऊन शेवटच्या बाकावर बसली. त्या दिवशी प्रभुभोजन होतं; मन साफ करून पुढे जायचं आणि येशूच्या आठवणीत भाकर व द्राक्षरस घ्यायचा. पाळकसाहेब भाकर हातात घेणार, एवढ्यात मावशी उठल्या. "साहेब, जरा थांबा." त्या सगळ्यांकडे वळल्या. "महिला सभेत मी रूथबाईच्या पोरीवर खोटं बोलले. प्रार्थनेच्या नावाखाली बोलले, म्हणून जास्तच वाईट. ती पोर अब्रूनं संसार करून राहिली. मला रूथबाईची माफी पाहिजे, आन तुमची बी. त्याबिगर मी आज पुढं येणार न्हाई."

मग मधल्या बाकावरून एक बाई उठली. "मी हसले होते," एवढंच म्हणून बसली. पाळकसाहेबांनी भाकर परत ताटात ठेवली. "माझ्याही कानावर आलं होतं," ते म्हणाले, "आणि मी गप्प बसलो. रूथबाई, पाळक म्हणून मी तुमच्याकडे यायला हवं होतं." आई मान खाली घालून रडत होती. थोड्या वेळाने ती उठली, मावशींपाशी गेली आणि म्हणाली, "चला पुढं." दोघींनी एकदमच प्रभुभोजन घेतलं.

एवढ्याने सगळं मिटलं असं नाही. आईच्या मनातली अढी जायला वेळ लागला. मावशी दर रविवारी दारात 'सलाम, रूथबाई' म्हणायच्या आणि आई नुसती मान हलवायची. पावसाळा संपता संपता एकदा आई थांबली. "सलाम, मावशी. गुडघा कसा हाय?" त्या दिवशी आम्हाला घरी यायला तासभर उशीर झाला.

दोन वर्षांनी मावशींना पोटाचं मोठं दुखणं निघालं. उपचार नांदेडला घ्यायचे ठरले, पण तिथे त्यांचं कुणी नव्हतं. ताई म्हणाली, आमच्याकडे राहू दे. मिलिंद त्यांना सकाळी रिक्षाने दवाखान्यात न्यायचा, मग कामावर जायचा. मी तेव्हा नांदेडलाच कॉलेजात होते. एका संध्याकाळी त्याने त्यांच्या हातात चहा दिला, तेव्हा मावशींनी विचारलं, "या घराबद्दल मी काय बोलले होते, ठाऊक हाय ना तुला?"

"हाव, मावशी."

"तरी चहा देऊन राहिलास?"

"तुम्ही सगळ्यांसमोर उभ्या राहून माफी मागितली, ते बी ठाऊक हाय," मिलिंद म्हणाला. "साखर कमी तर न्हाई ना?"

मावशींनी कप खाली ठेवला आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. निलंग्याहून दर आठवड्याला कुणीतरी बसने यायचं, कधी सायमनकाका, कधी ती हसलेली बाई. ताईच्या त्या दोन खोल्यांत आमची मंडळी मावशींना गीतं म्हणून दाखवायची आणि मिलिंदची आई सगळ्यांना जेवायला वाढायची.

मावशी तिथेच गेल्या. दफन निलंग्यात झालं. प्रार्थना झाल्यावर पाळकसाहेब सवयीने म्हणाले, "आधी घरच्यांनी माती द्यावी." म्हणाले आणि थबकले. घरचं असं कुणी नव्हतंच. तेवढ्यात आईने मिलिंदचा हात धरला आणि पुढे निघाली. मागोमाग ताई आणि मी. मग सायमनकाका, ती बाई, पंच, सगळेच पुढे आले. मूठभर माती घेऊन इतकी माणसं एकदम पुढे झाली, की पाळकसाहेबांना वाट द्यायला मागे सरकावं लागलं.