शिक्षणाचा रकाना

आई रिटायर झाली तेव्हा तिला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. मला मिळाली एक वर्षाची मुदत.

ती मुलुंडच्या एका सरकारी हॉस्पिटलात सफाई कामगार होती. तिच्या आधी माझी आजी, म्हणजे तिची सासू, त्याच हॉस्पिटलात झाडू मारायची. आजी थकली तेव्हा वारस म्हणून आईचं नाव लागलं. या कामात तशी पद्धतच आहे. माणूस निवृत्त झालं की वर्षाच्या आत घरातल्या एकाचं नाव द्यायचं, त्याला तीच नोकरी मिळते. नाव दिलं नाही तर हक्क जातो आणि हक्काबरोबर वसाहतीतली खोलीही जाते. वडील मी शाळेत असतानाच गेले. भावंडं नाहीत. त्यामुळे वारस कोण, हा प्रश्न कुणालाच पडायचं कारण नव्हतं.

पण मी नर्स होते. तीन वर्षांचा कोर्स, शपथ, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, सगळं रीतसर. शपथविधीच्या दिवशी आम्ही मुली हातात दिवे घेऊन उभ्या होतो आणि आई पालकांच्या पहिल्याच रांगेत, ठेवणीतली साडी नेसून. कार्यक्रम संपल्यावर प्राचार्यबाईंनी तिला विचारलं, आपण काय करता? आई म्हणाली, "मी पण हॉस्पिटलातच हाय." मला हसू आलं आणि तिचा रागही आला. खरं तर ती खोटं बोलली नव्हती.

तीस वर्षं तिने सिस्टर लोकांना जवळून पाहिलं होतं. चपलांच्या आवाजावरून ड्यूटीवर कोण आलंय ते सांगायची. मला मात्र घरात साधं फडकं उचलू द्यायची नाही. "तुला हे शिकून काय करायचंय," म्हणायची. शेजारणी म्हणत, पोरीला फार लाडावून ठेवलंय. लाड कसला, भीती होती ती. मी फडकं चांगलं मारायला लागले तर उद्या तेच नशिबी येईल, असं तिला वाटत असावं.

कोर्स संपल्यावर मी आणि माझ्या वर्गातली मानखुर्दची एक मैत्रीण अंधेरीच्या एका मोठ्या हॉस्पिटलात इंटरव्ह्यूला गेलो. रांग तिसऱ्या मजल्यावरून जिन्याने खाली गेटपर्यंत आली होती. सगळ्या आमच्यासारख्याच, हातात प्लास्टिकची फाइल, केसांना तेल. दुपारी नंबर लागला. आतल्या मॅडमनी फाइल उघडलीच नाही. "फ्रेशर? आम्हाला एक वर्षाचा अनुभव लागतो." मैत्रिणीने विचारलं, "मॅडम, पहिलं वर्ष कुठे मिळतं?" मॅडम छान हसल्या आणि त्यांनी पुढच्या मुलीला हाक मारली. जिना उतरताना मैत्रीण म्हणाली, "वेड गेल्याशिवाय लग्न नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही. वाट लागली ना यार आपली."

तेव्हा आम्ही खूप हसलो होतो. पुढचं दीड वर्ष त्याच हसण्यावर काढलं म्हणायला हरकत नाही.

घाटकोपरला एका छोट्या नर्सिंग होममध्ये मी सहा महिने ट्रेनी म्हणून राहिले. फोन घेतले, फायली शोधल्या, डॉक्टरांच्या मुलीच्या वाढदिवसाला फुगेही बांधले. मधून मधून इंजेक्शनं दिली, ड्रेसिंग केलं. निघताना अनुभवाचं पत्र मिळालं. पुढच्या इंटरव्ह्यूत ते पत्र बघून एक जण म्हणाले, पन्नास खाटांच्या खालचा अनुभव आम्ही धरत नाही. पत्रावर पंधरा खाटा लिहिल्या होत्या. पंधरा खाटांवरची माणसं काही कमी आजारी नसतात, असं मी मनातल्या मनात सुनावलं. तोंडाने थँक यू म्हटलं. सरकारी भरतीची परीक्षा दिली, वेटिंग लिस्टला नाव लागलं आणि ती लिस्ट तशीच संपली. मैत्रीण तोवर बोरिवलीला एका म्हाताऱ्या बाईंची देखभाल करायला लागली होती. त्या घरात तिला 'बाई' म्हणत. हळूहळू तिने अर्ज भरणं सोडलं आणि मला फोन करणंही.

इकडे आईचं वर्ष सरत होतं. ऑफिसातले क्लार्क भेटले की विचारायचे, "वारसाचा अर्ज कधी देताय?" आई म्हणायची, "पोरीचं होतंय, साहेब. मोठ्या हॉस्पिटलातनं बोलावणं यायचंय." दर महिन्याला ती हेच सांगायची आणि क्लार्क मान हलवायचे.

नवव्या महिन्यात खरंच बोलावणं आलं. अंधेरीच्याच एका हॉस्पिटलात माझी निवड झाली, एक तारखेला रुजू व्हायचं होतं. आई संध्याकाळी मला घेऊन बाजारात गेली आणि तिने स्वतः दाबून, वाकवून बघून पांढरे बूट घेतले. नर्सच्या पायांना काय लागतं ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तीस तारखेला मोबाइलवर मेसेज आला, जॉइनिंग पुढे ढकलण्यात आलं आहे, कळवण्यात येईल. मी महिनाभर फोन करत राहिले. आधी एक मुलगी गोड बोलायची, मग दुसरी थोडं कमी गोड, मग कुणी उचलेना.

अकराव्या महिन्यात मी आईला म्हटलं, उद्या जाऊन अर्ज देऊ.

"आजून एक महिना थांब," ती म्हणाली.

"आणि खोली गेली तर राहायचं कुठे? तुझ्या त्या घड्याळात?"

बोलून गेले आणि माझी मलाच लाज वाटली. सकाळी मी उठले तेव्हा ती साडी नेसून, कागद पिशवीत घालून तयार बसली होती.

क्लार्क चांगला माणूस होता. एकेक रकाना वाचून तो स्वतःच भरत होता. नाव, जन्मतारीख, निवृत्त कर्मचाऱ्याशी नातं. मग म्हणाला, "शिक्षण?" आई लगेच म्हणाली, "नर्सिंग."

त्याने पेन थांबवलं. माझ्याकडे बघत आवाज खाली करून म्हणाला, "ताई, बारावी लिहू का? नर्सिंग लिहू नये असा नियम नाही. पण नर्सिंग लिहिलं तर वर कुणीतरी विचारणार, नर्स आहे तर झाडूला का आली. फाइल फिरत बसेल. तुमच्याकडे दिवस किती राहिलेत?"

"जे हाय ते लिवा," आई म्हणाली. "शिकलीय ती. चोरी केली का काय?"

क्लार्क माझ्याकडे बघत राहिला. आईही माझ्याकडेच बघत होती. मला माहीत होतं, मी काय बोलते यावर तिची तीस वर्षं अवलंबून होती. आणि मुदतीला अठरा दिवस राहिले होते.

मी म्हटलं, "बारावीच लिहा, सर."

त्याने लिहिलं. खाली आईची सही हवी होती. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली तिची सही, एकेक अक्षर सुटं. ती सही करायला तिला फार वेळ लागला. नर्सिंग सोडायला मला कुणी सांगितलं नव्हतं, वेळ आली तेव्हा माझ्याच तोंडाने मी ते पुसून टाकलं. याचं जे वाईट वाटलं ते अजून तसंच आहे.

ऑर्डर आली. आदल्या संध्याकाळी आईने बादली, फडकं घेतलं आणि मला समोर उभं केलं. "मागं सरकत पुसायचं. पुढं पुसत गेलीस तर आपलेच पाय उमटत्यात. आधी भिंतीची कड, मग खाटंखालचं, मधलं शेवटी. रक्त सांडलं आसंल तर फडकं नुसतं टाकून भिजू द्यायचं, घासायचं न्हाई." मी म्हटलं, "अगं, संसर्गाचं सगळं शिकलेय मी कॉलेजात." "ते येगळं," ती म्हणाली. खोलीभर तिने माझ्याकडून तीनदा पुसून घेतलं. चुकले तिथे माझ्या मनगटाला धरून वळवलं. तिसऱ्यांदा बरोबर जमलं तेव्हा ती मोरीत गेली आणि बराच वेळ बादली धूत बसली.

कामाची लाज कसली, असं मला बरेच जण सांगतात. सांगणाऱ्यांनी सहसा झाडू धरलेला नसतो. मला कामाची लाज नाही. आजी आणि आई दोघींनी त्यावर घर उभं केलं. मला वाईट वाटतं ते आईचं.

मला मिळाला पुरुषांचा जनरल वॉर्ड. कामावरून आले की आई जेवण वाढताना विचारायची. काय पुसलं, काय धुतलं, हे कधीच नाही. "आज नवीन पेशंट किती? सलाइन कुणाला चालू हाय? तीन नंबरच्या बाबाचा ताप उतरला का?" मीही ड्यूटी बदलताना सिस्टर सांगतात तसं खाटेमागून खाट सांगायचे. ती मान हलवत ऐकायची. त्या अर्ध्या तासात आम्ही दोघी फार खुशीत असायचो.

तिसऱ्या महिन्यात एके सकाळी मी खाटांखालून पुसत होते. आठ नंबरच्या बाबांचं सलाइन संपलं होतं आणि नळीतून रक्त वर चढायला लागलं होतं. बाबा झोपेत होते. मी फडकं ठेवलं, हातमोजे काढले, हात धुतले आणि नळीचं चाक फिरवून बंद केलं. तेवढ्यात सिस्टर आल्या. नवीन होत्या, माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान. ओरडल्या नाहीत, नीट बोलल्या.

"मावशी, तुम्ही सलाइनला हात नका लावू हां. मला बोलवायचं. काही झालं तर उत्तर मला द्यावं लागतं."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं. मी "हो सिस्टर" म्हटलं आणि फडकं उचललं.

त्या दुपारी जेवताना मी आईला सांगितलं, "आठ नंबरच्या बाबांचं सलाइन संपलं होतं. रक्त चढत होतं नळीत. मी बंद केलं."

आईचा चेहरा एकदम उजळला. "तू केलंस? मग सिस्टर काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, बरं झालं, वेळेवर बघितलंत."

आई माझ्याकडे बघत राहिली. तीस वर्षं ती वॉर्डात फडकं मारत होती. फडकं मारणाऱ्या बाईने सलाइनला हात लावला तर सिस्टर काय म्हणतात, हे तिला पुरतं ठाऊक होतं. तिने माझ्या ताटात आणखी थोडा भात वाढला. तीन नंबरच्या बाबांचं तिने विचारलं नाही, आणि त्या दिवसानंतर वॉर्डातलं काहीच विचारलं नाही.