अर्धी राहिलेली ओटी

आमच्या गल्लीत कुणाचं डोहाळजेवण असलं, की जिजाअक्का बॅटरीवरचा थर्मामीटर घेऊन यायच्या. चोपड्यात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि निम्म्या जणांना खटकत होती. सुवासिनींनी खण, नारळ, तांदूळ, फळं असं सगळं पदरात घातलं, फोटो निघाले, की भिंतीला टेकून बसलेल्या अक्का गुडघ्यावर हात ठेवून उठायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यामुळे ओटी भरताना त्यांनी बाजूला बसायचं ही रीत. पुढे येऊन त्या पोरीला म्हणायच्या, "आ कर." हिरव्या साडीतली, मुंडावळ्यांसारखी फुलं बांधलेली ती मुलगी जिभेखाली थर्मामीटर धरून बसायची आणि सगळं अंगण त्याच्या टीं-टींची वाट बघायचं.

एवढ्यावर थांबतील तर त्या अक्का कसल्या! आकडा बघून झाला की मोठ्यांदा विचारायच्या, "ताप ऊना व्हता का? लघवीले जळजळ? अंगवरतून पानी जास का?" दारात उभे असलेले पुरुष एव्हाना चपला शोधायला लागलेले असत. मुलगी मान खाली घाले. मग अक्कांचं ठरलेलं वाक्य यायचं. "लाजू नको, माय. झाकेल जखमलेच वास येस."

ही सवय त्यांना का लागली, ते मी जवळून पाहिलं. मी त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचे. माझं माहेर जळगावचं, नोकरी चोपड्याच्या शाळेत. खोली बघायला गेले तेव्हा अक्का ओट्यावर केळीच्या पानांच्या शिरा काढत बसल्या होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "शाळानी बाई का? पोरं मारस का?" मी नाही म्हटलं. "मंग राहा," म्हणाल्या. भाड्याचं बोलणं त्यानंतर झालं. बांधा ठेंगणा, आवाज शेताच्या त्या टोकाला पोचणारा, आणि आपण चुकू शकतो ही कल्पना त्यांच्या डोक्यात तोवर कधी शिरलेलीच नव्हती. केळीला पाणी कधी द्यायचं इथपासून शेजारणीच्या मुलीला कुठलं स्थळ बघायचं इथपर्यंत त्यांचा शब्द चालायचा. मला हे सगळं करमणुकीचं वाटायचं. भाडेकरूला वाटतंच, त्या घरात सून म्हणून राहायचं नसतं.

सून होती वैशाली, धुळ्याच्या देवपूरची. शिकलेली, मितभाषी, कमी बोलून सगळं लक्षात ठेवणारी. तिला सातवा लागला आणि अक्कांनी डोहाळजेवणाचा रविवार ठरवला. त्या दिवशी मी जळगावला होते. जे घडलं ते पुढे अक्कांच्याच तोंडून ऐकलं, आणि सांगताना त्यांनी स्वतःला झुकतं माप दिलं नाही. शुक्रवारी वैशालीनं सांगितलं की लघवीला जळजळ होते, पाठ दुखते, अंगात कसकस आहे. अक्का म्हणाल्या, "उष्णता शे, दुसरं काही नही. धने-जिरानं पानी पी. सोमवारे जाऊत डॉक्टरकडे." देवपूरहून पाहुणे यायचे होते, झोपाळा फुलांनी मढवायला सांगितला होता, आचारी ठरला होता. रविवारी वैशाली ताप अंगावर घेऊन झोपाळ्यावर बसली. फोटोत ती हसते आहे. गाल लाल दिसतात ते उन्हानं, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं.

सोमवारी डॉक्टरकडे जायच्या आधीच कळा सुरू झाल्या. जळगावच्या दवाखान्यात गौरी जन्मली, ओंजळीत मावेल एवढी. कितीतरी दिवस काचेच्या पेटीत राहून ती घरी आली तेव्हा अक्कांनी दृष्ट काढली, पेढे वाटले. पण बरोबरीची पोरं रांगायला लागली तरी गौरीची मान सावरेना. पाय काठीसारखे ताठ, आणि उचलून घेतलं की एकावर एक चढायचे. अंगणात बायका जमल्या की हळूच विचारायच्या, असं कसं झालं? आणि एक दिवस अक्कांनी उत्तर दिलं, "गिरनमा मेथी चिरी हिनी. कोनं ऐकस ती!"

वैशाली तेव्हा दारातच उभी होती. मी माझ्या खिडकीत होते. तिनं गौरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि आत गेली. कुठलं ग्रहण, कुठली मेथी, हे कुणी विचारलं नाही. गल्लीला कारण हवं होतं, ते मिळालं.

पुढे जळगावच्या एका मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे गौरीला नेलं. अक्का, वैशाली, तिचा नवरा दिनेश आणि जळगाव माझ्या माहितीचं म्हणून मी, असे एकाच गाडीत गेलो. डॉक्टरांनी गर्भारपणातलं सगळं विचारून घेतलं. मग सावकाश सांगितलं, "आईला जंतुसंसर्ग झाला की शरीर त्याच्याशी लढतं. त्या लढाईत सूज येते, आणि ती कधी कधी गर्भाशयातल्या वारेपर्यंत, बाळापर्यंत पोचते. बाळाचा मेंदू तेव्हा नुकता बांधला जात असतो, त्याला ते सोसत नाही. त्यातून कळाही वेळेआधी येतात, म्हणजे दुहेरी मार. बहुतेक बाळं यातून सुखरूप निघतात. गौरीचं कारण हेच एक, असं मी शपथेवर सांगणार नाही. पण शक्यता तीच दिसते."

अक्कांनी विचारलं, "आनि गिरन?"

"त्याचा काही संबंध नाही, आजी."

परतीच्या वाटेवर, तापी ओलांडल्यावर केळीच्या बागा सुरू झाल्या, तेव्हा अक्का बाहेर बघत स्वतःशीच म्हणाल्या, "घड बाहेर निघस तवा लोक फन्या मोजतस. त्या तं आंदरच ठरेल रहातस." त्यांना पटलं होतं, हे मला कळलं. वैशालीलाही कळलं असणार. ती वाट बघत राहिली. अक्का तिच्यासाठी शिरा करायच्या, गौरीच्या पायांना तेल लावायच्या, रात्री तिला पायांवर घेऊन बसायच्या. अंगणातला शब्द मात्र अंगणातच पडून होता. पुढे कधीतरी शेजारची निर्मला मावशी ओट्यावर बसून म्हणाली, "गिरन भलतं वाईट, माय." अक्का तिथेच होत्या. त्या गप्प बसल्या. त्याच आठवड्यात वैशाली गौरीला घेऊन देवपूरला निघून गेली. कारण सांगितलं, तिथे व्यायाम शिकवणाऱ्या बाई चांगल्या आहेत.

दिनेश दर आठवड्याला जायचा आणि उतरलेल्या चेहऱ्यानं परत यायचा. घर ओकंबोकं झालं. अक्कांचा आवाज शेताच्या टोकापर्यंत जाईनासा झाला, शेजारच्या भांडणातही त्या पडेनात. शेवटी एका सकाळी माझ्या दारात उभ्या राहिल्या. "बाई, आज सुट्टी शे ना? देवपूर चाल मन्हासंगे." एकट्या जायला त्यांचा जीव धजत नव्हता. इतकी वर्षं त्यांना ओळखत होते, पण असं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

वैशाली सतरंजीवर गौरीचे पाय दुमडून-सोडून व्यायाम देत होती. तिचे वडील, त्यांना सगळे नाना म्हणत, पाणी देऊन बाहेर गेले. अक्कांनी सतरंजीच्या कडेला बसून डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि म्हणाल्या, "मन्ही चूक व्हयनी, पोरी." एवढं बोलायला त्यांना फार कष्ट पडले.

वैशालीनं हात थांबवले नाहीत. "तापाचं मी धरत नाही, आई. तुम्हाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. डॉक्टर आधी गाठला असता तरी काय झालं असतं, कुणी सांगावं? पण माहीत झाल्यावर तुम्ही गप्प बसलात. घरात मागितलेली माफी घरातच राहते. बोल तुम्ही अंगणात लावला होतात."

अक्कांनी गौरीच्या पायांवरून एकदा हात फिरवला. मग उठल्या. परत येताना बसमध्ये मला म्हणाल्या, "खरं बोलनी. सोपं नही बोलनी, पन खरं बोलनी."

त्यानंतर गल्लीत पहिलं डोहाळजेवण आलं ते निर्मला मावशीच्या सुनेचं, सपनाचं. ओटी भरून झाली, बायका उखाण्यांकडे वळणार, तोच भिंतीशी बसलेल्या अक्का उभ्या राहिल्या. "आयका बठ्ठ्या," त्या सगळ्या बायकांना म्हणाल्या. आवाज पूर्वीचाच होता. "मन्ही सूनले मी अंगनमा बोल लावा. तो खोटा शे. तिनी गिरनमा काही करं नही. तिले ताप व्हता, तिनी माले सांगं, आनि मी तिले झोकावर बसाडं. पाव्हना येल शेत म्हनीसन." मग त्यांनी कनवटीचा नवाकोरा थर्मामीटर काढला आणि सपनाकडे निघाल्या.

निर्मला मावशी आडवी आली. "अक्का, शुभ काम शे. तुमले ओटीपाशी येवानी रीत नही."

"मी ओटी नही भरस," अक्का म्हणाल्या, "मी ताप मोजस."

सपनानं सासूकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्यानं तोंड उघडलं. ताप नव्हता. पण अक्का खाली वाकल्या तेव्हा ती त्यांच्या कानात काहीतरी पुटपुटली, आणि दुसऱ्या दिवशी निर्मला मावशी स्वतः तिला लघवीच्या तपासणीला घेऊन गेली. औषध मिळालं, मुलगा पूर्ण दिवसांचा, धडधाकट झाला. लोक अक्कांना श्रेय द्यायला लागले की त्या चिडायच्या. "माले काय ठाऊक? काही व्हतंच नही आसं भी व्हई. डॉक्टर नक्की नही सांगस. मंग गिरन नक्की कोनी ठरावं?"

ते सगळं कुणा पोरीनं मोबाइलवर टिपलं होतं. अक्का जागेवर जाऊन बसायच्या आत ते देवपूरला पोचलं असेल. तरी वैशाली लगेच आली नाही. आली ती बऱ्याच दिवसांनी, गौरीच्या व्यायामाची चटई आणि पायांचे पट्ट्यांचे बूट घेऊन. सासू-सुना गळ्यात गळे घालून रडल्या वगैरे काही झालं नाही. वैशालीनं व्यायाम शिकवला, अक्का शिकल्या. सकाळच्या उन्हात ओट्यावर दोघी आलटून पालटून गौरीचे पाय सोडवायच्या. गौरी चालत नाही, अजूनही नाही. शब्द तुटक येतात, पण हट्ट पूर्ण वाक्यात करावा तसा करते. अक्का तिला म्हणायच्या, "तुन्ही काही चूक नही, तुन्ही मायनी भी नही." तिला काय कळे कुणास ठाऊक, ती हसायची. मला मात्र दर वेळी भरून यायचं.

काही वर्षांनी वैशालीला पुन्हा दिवस राहिले. डोहाळजेवण नको, असं अक्काच म्हणत होत्या. वैशाली म्हणाली, करायचं, त्याच अंगणात, त्याच बायका बोलवून. अक्का तोवर थकल्या होत्या, हृदयाचं दुखणं लागलं होतं, चार पावलांत धाप लागायची. झोपाळा मढवला. देवपूरचे पाहुणे आले. दोन सुवासिनींनी ओटी भरली, तिसरीनं नारळ उचलला, तेवढ्यात वैशाली म्हणाली, "थांबा. आधी आईंना येऊ दे."

अक्का दिनेशच्या आधारानं आल्या. गौरी वैशालीच्या शेजारी खुर्चीत होती. थर्मामीटर वाजला. आकडा वाचायला अक्कांनी चष्मा पुढे-मागे केला आणि पुन्हा एकदा वाचला. ठरलेले प्रश्न विचारायचे राहून गेले. तेव्हा गौरीनंच, गल्लीतल्या डोहाळजेवणांत ऐकून पाठ झालेलं, जमेल तसं विचारलं, "ताप? जळजळ?"

वैशाली अक्कांकडे बघत म्हणाली, "हो. सकाळपासून."

सकाळीच स्वयंपाकघरात तिनं हे का सांगितलं नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही. तिला ते याच जागी सांगायचं होतं, असं मला वाटतं. त्या क्षणी मी अक्कांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला बघवेना. पण त्या डगमगल्या नाहीत. "दिनेश, गाडी काढ," त्या म्हणाल्या. आचारी पुरणपोळ्या टाकत होता. नाना म्हणाले, पाच मिनिटांत ओटी उरकू. अक्कांनी तिसरीच्या हातातला नारळ काढून घेतला. "पाव्हना जेवतीन. तू ऊठ, पोरी." फुलं डोक्यात तशीच, हिरव्या साडीत वैशाली गाडीत बसली. अक्का धापा टाकत शेजारी बसल्या.

या वेळी संसर्ग वेळेवर आटोक्यात आला. दवाखान्यातून परतल्यावर नातेवाईक म्हणाले, राहिलेली ओटी पुरी करून घेऊ, अर्धी ठेवणं बरं नव्हे. अक्का म्हणाल्या, "ओटी अर्धी राहू दे. पोर पुरं येऊ दे." मुलगा दिवस भरून झाला. त्याची मान सावरलेली अक्कांनी पाहिली. तो रांगायला लागण्याआधी, एका दुपारी गौरीचे पाय मांडीवर घेऊन बसल्या असताना त्या गेल्या.

अक्कांना अंगणात आणलं तेव्हा गल्ली भरली होती. वैशाली आतून खण, तांदूळ आणि नारळ घेऊन आली आणि तिनं अक्कांची ओटी भरली. विधवेची ओटी भरत नाहीत. निर्मला मावशी अगदी समोर उभी होती, तिनं पुढे होऊन पदर नीट धरला. मागून कुणीतरी म्हणालं, अक्कांचा तो थर्मामीटरही त्यांच्याजवळ ठेवा, जीव होता त्यांचा त्यात.

वैशालीनं डोळे पुसले आणि मान हलवली. "नाही," ती म्हणाली. "तो लागेल. पुढच्या महिन्यात सपनाच्या जावेचं डोहाळजेवण आहे."