चष्म्यावरचा आकडा

सफाईच्या मावशी पहिल्यांदा फडकं घेऊन प्रयोगशाळेत शिरल्या, तेव्हा तिथले तंत्रज्ञ पुसपुसे असे किंचाळले की पिंजऱ्यांतले चाळीस उंदीर एकदम उभे राहिले आणि वरच्या मजल्यावरचे ग्रंथपाल आग लागली समजून चपला न घालताच जिना उतरले.

"त्या कोपऱ्यातल्या टेबलाला हात लावायचा नाही!"

"नाही लावत हो. टेबल काय चावतं का?"

पुसपुसे हे टोपणनाव. कामच तसं होतं. त्या कोपऱ्यातल्या टेबलावर उंदरांना पाजायचं स्निग्धाम्ल, म्हणजे चरबीचा एक घटक, ठेवलेलं असे; त्याला किरणोत्सर्गी कार्बनची खूण लावलेली असे, म्हणजे चरबीच्या पाठीवर बसवलेला गुप्तहेरच. ती चरबी जळून श्वासातून बाहेर पडली की पोटाशी साठली, हे त्या खुणेवरून मोजणीयंत्र सांगे. ही खूण भलतीकडे सांडली नाही ना, हे बघायला पुसपुसे रोज टेबलं, कड्या कागदाच्या चकतीने पुसत आणि चकती यंत्रात घालत. आकडा कायम नगण्य. याचा त्यांना इतका गर्व, की घरी बायकोच्या ओट्यालाही ते नावं ठेवत.

एका शुक्रवारी दाराची कडी, फोन आणि नोंदवही, तिन्हींचे आकडे आभाळाला भिडले.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी विचारलं, "या सगळ्याला कोणाचा हात लागतो?"

"मावशींचा," पुसपुसे बोलून गेले.

सोमवारपासून मावशींना मागच्या इमारतीत टाकलं. चार मजले, लिफ्ट नाही.

"भाऊ, तुम्ही नको म्हणालात त्या टेबलाकडे मी फिरकलेसुद्धा नाही हो," जाताना त्या पुसपुसेंना म्हणाल्या. पुसपुसे नोंदवहीत डोकं खुपसून बसले.

तेवढ्यात चष्मा घसरला. हातमोज्याच्याच बोटाने तो वर ढकलायची त्यांची सवय; मोजे काढल्यावरही उघडं बोट त्याच चष्म्याला लागे आणि मग कडीला, फोनला, वहीला. बोट कपाळाशीच थबकलं. त्यांनी चष्म्याची दांडी चकतीने पुसली. यंत्राचा आकडा कडीच्याही वर गेला. त्यांनी चष्मा साबणाने तीनदा धुतला, पुन्हा मोजला आणि वहीत फक्त दुसरा आकडा लिहिला.

सहा महिने ते मागच्या इमारतीला वळसा घालून जात राहिले. शेवटी एकदा ग्रंथालयाच्या जिन्यात मावशी समोर आल्याच.

"मावशी, ते... माझ्या चष्म्यामुळे झालं होतं."

"ठाऊक आहे. दिवसातून पन्नासदा वर ढकलायचात."

"मग बोलला का नाहीत?"

"माझं कोण ऐकणार होतं? तुम्ही सांगा ना साहेबांना."

"उद्याच सांगतो," पुसपुसे म्हणाले.

दोन वर्षांनी पुसपुसे निवृत्त झाले. मावशी अजून मागच्याच इमारतीत आहेत.