प्रवाळ न कुरतडणारा मासा

आमच्या घरी मासे बाबाच घेतात. ते मूळचे गुहागरकडचे, सरकारी नोकरीमुळे सिल्वासात आलेले. दर रविवारी दमणहून आलेल्या टोपल्यांपुढे उभं राहून माशांचे कल्ले उघडून बघणं हा त्यांचा हक्क आहे. त्या वेळी आईने किंवा मी मधे बोलायचं नाही. असा नियम कुणी सांगितलेला नाही. लहानपणी एकदा मी 'हे पापलेट छोटं आहे' म्हणाले, तेव्हा त्यांनी नुसतं वळून पाहिलं होतं. तेवढं पुरलं.

त्यामुळे माझ्या टाकीसाठी मासा आणायला 'मी पण येतो' असं ते म्हणाले, तेव्हा मला बरं वाटलं आणि धाकधूकही वाटली.

जवळच अथालच्या कंपनीत लॅबमध्ये नोकरी लागल्यावर मी ही टाकी घेतली होती. खाऱ्या पाण्याची, आत दगडांवर मऊ प्रवाळ. आणले तेव्हा नखाएवढ्या चार हिरव्या चकत्या होत्या. दीड वर्षात त्यांनी अख्खा दगड झाकला. रोज पाण्याचा खारेपणा मोजायचा, उडून गेलेलं पाणी भरायचं, हे मी कुणाशी फारसं न बोलता करत आले. बाबा टाकीला 'तुझी खाडी' म्हणायचे. आत दोनच क्लाउनफिश होते, तेही त्यांना पटत नसे. तिसरा मासा कुठला आणायचा, हे मी तीन महिने वाचत होते. रंगीत हवा, लहान हवा आणि प्रवाळाला तोंड न लावणारा हवा.

वापीच्या दुकानात बाबा सरळ एका टाकीपुढे जाऊन उभे राहिले. आत बटरफ्लाय मासा होता. हळदीसारखा पिवळा, डोळ्यावरून काळा पट्टा, तोंड चिमट्यासारखं पुढे आलेलं.

"हा ताजा कधी आला?" बाबांनी विचारलं.

"काका, जिवंत छे ने! आनाथी ताजा काय पाहिजे?" दुकानदार हसला.

बाबाही हसले. "खातो नीट?"

"बधुं खाय छे. एकदम सरस पीस."

सगळं खातो, मला तीच भीती होती.

"हाच द्या," बाबा म्हणाले. काचेला नाक लावून ते वाकले होते. त्यांना इतकं खूश मी क्वचितच पाहिलं होतं. दुकानदाराने जाळी उचलली.

मी इकडेतिकडे बघत राहिले. बटरफ्लायच्या टाकीत नुसता पाइपचा एक तुकडा होता. गल्ल्याजवळ मात्र दुकानदाराची स्वतःची मोठी टाकी होती, प्रवाळांनी भरलेली. तिच्यात क्लाउनफिश होते, दोन-तीन फायरफिश होते. पिवळा एकही नव्हता.

"तुमच्या त्या टाकीत बटरफ्लाय का नाही ठेवला?"

"शुं, बेन?" त्याला ऐकूच गेलं नाही. पुन्हा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्यांदा म्हणणं जास्त अवघड होतं.

"ए तो..." त्याने जाळी खाली ठेवली. "ए तो कोरलने चोच मारे."

बाबांनी वळून पाहिलं. मी पायांकडे बघितलं.

"माझं सगळं कुरतडून टाकेल, बाबा."

"सगळं?"

"थोडं थोडं करून. पण सगळं."

ते त्या पिवळ्या माशाकडे आणखी थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "कुठला हवा ते सांग त्यांना."

मी फायरफिश दाखवला. पुढून दुधासारखा, शेपटीकडे निखाऱ्यासारखा लाल.

"एवढासा?"

"पाण्यात तरंगणारे कण खातो. फक्त उडी मारतो. वर जाळी बसवावी लागेल."

गाडीत माशाची पिशवी माझ्या मांडीवर होती. वाटेत दादरा आल्यावर बाबांनी गाडी हळू केली. मग म्हणाले, "पुढच्या वेळी घरूनच सांगून ठेव. दुकानात चारचौघांत नको."

"हो," मी म्हणाले. घरी मी कधीच सांगितलं नसतं, हे बहुतेक त्यांनाही माहीत होतं.

घरी पोचल्यावर, पाण्याचं तापमान जुळावं म्हणून, मी पिशवी तशीच टाकीत तरंगत सोडली. बाबा कपडे न बदलताच टेप घेऊन आले आणि जाळीसाठी काठ मोजू लागले.

"कोपऱ्यातला फिल्टरचा पाइप सोडून मोजा," मी म्हणाले.

त्यांनी टेप उचलली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं.