न पडणारं विमान

वर्तमानपत्रातली नोकरी सोडून मी नगरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये कामाला लागलो, तेव्हा सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. तिथे वैमानिकांच्या शिक्षणासाठी जमिनीवरचं विमान बनत होतं. प्लायवूडची केबिन, आत दांडा आणि काट्यांच्या तबकड्या, बाहेर लोखंडी कपाटात काँप्युटर. दांडा हलवला की कपाट हिशेब करी आणि काटे फिरत; किती फिरायचे ते कपाटातल्या स्क्रूंवर ठरे. पंख नव्हते. माझ्याकडे माहितीपुस्तिका लिहिण्याचं काम होतं.

पहिलं यंत्र एका विमान-शिक्षण संस्थेसाठी होतं. त्यांच्या तपासनिसांनी ते पसंत केलं तर पुढच्या यंत्रांचं काम मिळणार, नाहीतर शेडला कुलूप. मालकांनी हे सर्वांना सांगून टाकलं होतं.

आमच्यापैकी कोणीही कधी विमानात बसलेलं नव्हतं. चाचणीसाठी मालक, वायरमन आणि मी आळीपाळीने केबिनमध्ये बसत असू आणि विमान पाडत असू. पडलं की उंचीचा काटा शून्यावर आपटे आणि वाकडा होई. दुपारी विजेचा दाब उतरला की विमान आपोआपच खाली येई. काटे सरळ करत बसायचं काम मिस्तरींकडे होतं. ते पाथर्डीकडचे, आधी लष्कराच्या वर्कशॉपमध्ये होते.

"पेपरवाले, आज किती येळा मेलात?" ते विचारत.

"दोनदा."

"मंग बरं हाय. मालक सकाळधरनं मरत्यात."

उन्हाळ्यात विमान पडायचं कमी झालं, नंतर थांबलंच. आपल्याला उडवायला जमू लागलं, असं आम्ही धरून चाललो.

तपासनीस आले. निवृत्त वैमानिक. चहा नको म्हणाले आणि थेट केबिनमध्ये बसले. त्यांनी इंजिनाची ताकद कमी करून नाक वर उचललं. असं केल्यावर खरं विमान कोसळतं. आमचा काटा थोडा उतरला आणि थांबला. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा थांबला.

"हे पडत का नाही?"

मालक हसले. "साहेब, आमचं काम पक्कं असतं."

"पक्कं कसलं? पोरं इथं पडली नाहीत तर तिकडं वर पडतील."

कपाटाजवळ उभे असलेले मिस्तरी म्हणाले, "म्याच स्क्रू फिरवला, साहेब. रोज जरा जरा. काटा सारखाच मोडत हुता."

"मला विचारलंत का, मिस्तरी?"

"तुमीच म्हनलात ना मालक, आता लई भारी उडतंय म्हनून."

तपासनिसांनी महिन्याभराने परत यायचं कबूल केलं. तेव्हाही पडलं नाही तर ऑर्डर रद्द, एवढं बोलून ते गेले.

मिस्तरींनी स्क्रू मागे घेतला. काटा वाचावा म्हणून शून्याच्या खुणेपाशी सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवला. मग आम्ही पुन्हा पाडायला लागलो. आता मिस्तरीच हुकूम सोडत, "आनखी वरनं पाडा." केबिनमध्ये उकडे. बाहेर आलेला माणूस पोत्यावर आडवा होई आणि दुसरा आत जाई. पडण्यात कोणाला गंमत उरली नव्हती.

तपासनीस ठरल्याप्रमाणे आले. त्यांनी विमान हर तऱ्हेने पाडलं. काटा रबरावर आपटला, वाकला नाही. ते घाम पुसत बाहेर आले.

"साहेब, खरं इमान असंच पडतं व्हय?" मिस्तरींनी विचारलं.

"जवळपास. त्यात पोटात गोळा येतो, तो इथं येत नाही."

"तो आमाला महिनाभर आलाय."

तपासनीस हसले आणि त्यांनी पसंतीची सही केली. पेढे कोणी आणले नाहीत. मालकांनी दुसऱ्या केबिनसाठी प्लायवूड उतरवून घ्यायला सांगितलं. आम्ही उठलो. मिस्तरी मात्र बसूनच राहिले, म्हणाले, "हे पयलं गाडीवर चढू द्या, मंग दुसऱ्याचं बघू."