कडुनिंबावरची गुळवेल

प्रयोगशाळेत माझं काम उंदीर मारायचं. कागदोपत्री त्याला सभ्य नाव आहे, पण मी मारणंच म्हणते. मानेवर सळई दाबायची, शेपूट ओढायची, कट्. मग पोट फाडून प्लीहा काढायची आणि तिच्यातल्या टी पेशी धडधाकट उंदराला टोचायच्या. या पेशींनी खरं तर रोगजंतूंशी लढायचं. आमच्या आजारी उंदरांत त्या घरभेदी झालेल्या असतात, स्वतःच्याच नसांवर तुटून पडतात. आठ-दहा दिवसांत नव्या उंदराची शेपूट लुळी पडते, मग मागचे पाय.

माझ्या धाकट्या बहिणीला माणसांतला तोच आजार. एक डोळा जाऊन परत आला होता. या पेशींना आवर घालणारी इंजेक्शनं चालू होती. पाय शाबूत होते, ते तसेच राहावेत एवढीच घरात सगळ्यांची धडपड होती.

एका रविवारी सकाळी आमच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या घरी आई काढा उकळताना दिसली. अंगणातल्या कडुनिंबावर चढलेल्या गुळवेलीचा. कडुनिंबावरची गुळवेल म्हणजे अमृत, अख्ख्या मोहल्ल्याला तापात आईनं तीच पाजलेली. बहिणीला आई ती दोन महिने रोज देत होती, आणि काय पाजतेस म्हणून मी एकदाही विचारलं नव्हतं.

माझं डोकं फिरलं. जी फौज पोरीला आतून कुरतडते, तिलाच ही खुराक देत होती! मी पातेलं भिंतीवर आपटलं, विळा घेतला आणि अंगणात जाऊन वेल तोडत सुटले.

"काहून तोडते? मी तर तिची ताकद वाढवून राहिली," म्हणत आईनं माझा हात धरला. मी तिला ढकललं. ती फरशीवर आपटली, कोपर फुटलं. तरी मला थांबावंसं वाटलं नाही, याची अजून लाज वाटते. उठून तिनं माझ्या थोबाडीत मारली. मी पुन्हा विळा उगारला. वेलीवरच, पण आत खाटेवरून पाहणाऱ्या बहिणीला ते कसं कळावं?

ती आम्हाला सोडवायला धावली आणि उंबऱ्यात तोंडावर पडली. ओठ फाटला. उजवा पाय उचललाच गेला नव्हता. काढ्यानंच झालं असं डॉक्टर पुढेही म्हणाले नाहीत, फक्त बंद करा म्हणाले.

विळा टाकून मी तिच्यापाशी बसले आणि त्या पायाचा अंगठा नखानं दाबला.

"दीदी, दबा के तो देख," ती आमच्या नेहमीच्या हिंदीत म्हणाली.

माझं नख रुतून अंगठ्यातून आधीच रक्त आलं होतं.